फुलपाखरं आमच्याच अंगणात

३ ऑगस्ट २०२५, रविवार. संध्याकाळ

उधव्याहून आत्ताच परत आलो. आमच्या मुलीचं, निलमचं लग्न ठरलं. मुलगा मिथुन, कासाला शाळेत शिक्षक. निलम तिथेच लॅबमध्ये कामाला जाते. दोघांची ओळख कासाच्या बाजारात झाली म्हणे. काय घ्यायला गेले होते ते अजून कळलेलं नाही.

माणसं चांगली. भात, नागली, दारात गाय. बोलणं मोजकं. मुलाची आई सुषमाताई हसतमुख. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात त्यांनी विचारलं की साखरपुडा कुठे करायचा. मी तोंड उघडायच्या आत माझी बायको मयुरा बोलून मोकळी की रतनदादांच्या अंगणात, आमची सगळी कार्यं तिथेच होतात.

हे मात्र लागलं. रतनदादा माझा चुलत भाऊ. दोन चिकूवाड्या, मधे कुंपण. पण त्याचं अंगण मोठं आणि सपाट, म्हणून आमच्या घरातलं प्रत्येक कार्य तिकडे. माझं लग्न तिकडे. निलमचं बारसं तिकडे. माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मागे दादाचा ट्रॅक्टर उभा आहे. एका फोटोत तर मी अर्धा आणि ट्रॅक्टर पूर्ण.

म्हणून मी शांतपणे सांगितलं की साखरपुडा आमच्याच अंगणात होईल, कारण आमच्या अंगणात फुलपाखरांची बाग आहे.

मयुरानं माझ्याकडे बघितलं. सुषमाताईंना फार आनंद झाला. म्हणाल्या, मग आमच्या सगळ्या बायकांना जीप करून घेऊन येते, त्यांना पण बघू दे. तारीख ठरली. रविवार, १६ नोव्हेंबर.

बाग अजून नाही. पण वेळ भरपूर आहे.

४ ऑगस्ट. सकाळ

मयुरा काल कासा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर बोलली. तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्या बागेत फुलपाखरं बसलेली दिसली नाहीत तर साखरपुडा दादांकडे, आणि तसं उधव्याला मी स्वतः फोन करून सांगणार. मी ताबडतोब कबूल. इतकी सोपी अट तिनं आजवर कधी घातली नव्हती.

दुपार

निलमनं फोनवर वाचून माहिती दिली. फुलं लावायची मधुरसासाठी, आणि शिवाय कढीपत्ता, लिंबू, रुई, पानफुटी लावायची अळ्यांसाठी. फुलपाखरू अंडी घालायला बरोबर तेच झाड शोधत येतं. अळ्यांना पानं खाऊ द्यायची, म्हणजे बाग भरते.

सगळं ऐकून घेतलं. मुलगी शिकलेली आहे, तिचं मन मोडत नाही. पण उधव्याच्या पाहुण्यांना काय कढीपत्ता दाखवायचा? त्यांना वाटेल चुकून मागच्या दारानं आणलं. रुई तर बांधावरची उपटून टाकतो आपण. आणि अळ्या! पस्तीस वर्षं चिकूची कळी पोखरणाऱ्या अळीशी झगडतोय. अळीचं फुलपाखरू होतं हे शाळेत मीही शिकलोय. पण ती पुस्तकातली अळी. वाडीतल्या अळीचं फक्त नुकसान होतं.

निर्णय: नुसती फुलझाडं. फुलपाखरं तयार, बाहेरून येतील. घरी बाळंतपणं काढायची नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

हायवेवरच्या नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्यानं एका नजरेत ओळखलं की गिऱ्हाईक जाणकार आहे. पेंटास, झिनिया, बोगनवेल, डबल पाकळीची जास्वंद. डबल घेतली कारण सिंगलपेक्षा डबल केव्हाही बरी. शिवाय एक खास इम्पोर्टेड झाड, लँटाना. पाटी इंग्रजीत.

घरी चैत्यानं कुंड्या उतरवल्या. चैत्या आमच्या वाडीत कामाला आहे, वीस वर्षं तरी झाली. लँटानाचं पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाला, शेठ, ही तं घाणेरी. मागच्या वर्षी बांधावरची अख्खी घाणेरी त्यानंच काढली होती, हात ओरबाडून निघाले होते त्याचे. मी त्याला समजावलं की आपोआप उगवते ती घाणेरी, आणि पाटी लावून आणतो तो लँटाना. पटलं असावं. तो पुढची कुंडी उतरवायला गेला.

१२ ऑगस्ट

आज स्वच्छता. फाटकाजवळ गळलेल्या, सडक्या चिकूंचा ढीग पडलेला असतो. वास, माश्या, चिलटं. फुलपाखरू नाजूक जीव, दारातूनच परत जाईल. चैत्याला सांगितलं की सगळा ढीग हातगाडीवर घालून दादाच्या बाजूला कुंपणापलीकडे टाक, आणि यापुढे गळतील ते चिकूही तिकडेच. दादाला आधी विचारलं. तो म्हणाला, टाक जत्या, माझ्या माडांना खत होईल. भोळा आहे दादा.

ढीग उकरताना वाळक्या पानांसारखं काहीतरी भरभर उडालं. तपकिरी. पतंग असावेत. टॉवेलनं हाकलले.

१७ ऑगस्ट

बोर्ड तयार झाला. ‘फुलपाखरू उद्यान. प्रो. जतीन’. तलासरीच्या पेंटरनं बोर्डवर फुलपाखरूही काढलंय. जरा पंख्यासारखं दिसतं. रस्त्यानं जाणारा एक जण आत येऊन विचारून गेला की रिपेअरिंग पण करता का.

उद्यापासून रोज सकाळी सहाला उठून निरीक्षण. खुर्ची, पाण्याची बाटली, वही.

१८ ऑगस्ट

उठलो. सव्वाआठला. फुलपाखरं तरी इतक्या लवकर कुठे येतात. ऊन पडल्यावरच येतात, असं कुठेतरी वाचलं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

गंभीर प्रकार. अवजारांच्या खोलीमागे एक रुई माजली आहे. आज बघतो तर पानं चाळणी झालेली, आणि अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेल्या अळ्या. इतकी भडक अळी म्हणजे नक्की विषारी. बागेपासून हाकेच्या अंतरावर! ताबडतोब पंप काढायला सांगितला.

चैत्याला फवारणीचा पंप फार आवडतो. पाठीवर चढवायच्या आधी केस विंचरतो. पण तो तयार होईपर्यंत रतनदादा आला. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, त्याला लांब जावं लागतं. म्हणाला, उपटतोच आहेस तर दे, मी कुंपणाशी लावतो. अळ्यांसकट फांद्या उचलून घेऊन गेला. दोन-तीन त्याच्या मनगटावर चढल्या, त्या पण झटकल्या नाहीत. देवाधर्माचा माणूस. उरलेल्या बुंध्यावर आम्ही औषध मारलं आणि तो खणून काढला.

आता बाग सुरक्षित.

२९ ऑगस्ट

गणपती. अर्थात दादाकडे. पन्नासेक नातेवाईक. प्रत्येकाला बागेबद्दल सांगितलं. मयुरा स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारत होती, पण मी म्हटलं आधी प्रसिद्धी झाली म्हणजे कामाला हुरूप येतो. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं की जत्यानं मनावर घेतलं की घेतलं.

बरं वाटलं. तरी त्याच्याच अंगणात उभं राहून ऐकावं लागलं.

६ सप्टेंबर

बाग बहरली. झिनिया लाल, केशरी, गुलाबी. जास्वंदीची फुलं लाडवाएवढी. बघत राहावं. आज पूर्ण तास बसलो खुर्चीत. आलेले: दोन भुंगे, एक सरडा, पोस्टमन.

काळजीचं कारण नाही. पत्ता नवीन आहे.

१२ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू आहे. या दिवसांत कोणी नवीन जागी जात नाही. फुलपाखरांना हे कळत नसेल असं समजायचं कारण नाही.

मयुराला हे सांगितलं. ती वाल सोलत होती. सोलत राहिली.

१८ सप्टेंबर

नवी युक्ती. बशांमध्ये साखरपाणी घालून झाडांखाली ठेवलं. फुलपाखराला गोड हवं असतं, तर मधे फूल कशाला?

१९ सप्टेंबर

मुंग्या. चारी बशांत. बशांमधून ओट्यावर, ओट्यावरून घरात, घरातून साखरेच्या डब्यात. मयुरानं विचारलं की या बशा लग्नातल्या सेटमधल्या होत्या हे मला माहीत होतं का. माहीत नव्हतं. सगळ्या बशा सारख्याच दिसतात.

२५ सप्टेंबर

वाचलं की फुलपाखरं भडक रंगाकडे ओढली जातात. निलमची गरब्याची पिवळी-लाल ओढणी मागून घेतली, खांद्यावर टाकून बागेत बसलो. हलायचं नाही असा निश्चय. जवळजवळ डुलकी लागली होती.

रतनदादा कुंपणापलीकडून म्हणाला, जत्या, यंदा वापीला खेळायला जाणार की उंबरगावला?

संशोधन करणाऱ्याला लोक हसतातच.

२७ सप्टेंबर

स्वतःच वापीला जाऊन आलो, पण गरब्याला नाही. तिथे सोलरवर चालणारी प्लॅस्टिकची फुलपाखरं मिळतात. काडीवर तारेनं लावलेली, ऊन पडलं की फडफडतात. एक बॉक्स आणला. यामागे विचार आहे. खरी फुलपाखरं वरून जाताना बघतील की इथे आपली माणसं आहेत, आणि उतरतील. हॉटेलबाहेर गर्दी बघूनच आपण आत शिरतो ना.

निलम बघून खूप हसली. तिला आवडली.

३० सप्टेंबर

आलं! आलं! आलं!

मोठं काळं, पंखांवर निळं. दादाच्या बाजूनं कुंपणावरून आलं. झिनियांवरून गेलं, जास्वंदीपाशी थोडं थांबलं, पुढे गेलं. मग सरळ एका प्लॅस्टिकच्या फुलपाखराशेजारी जाऊन घिरट्या घालू लागलं. त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग जसं आलं तसं परत दादाच्या बाजूला.

मयुराला हाक मारली तोवर गेलं होतं. ती म्हणाली, मी बसलेली दिसली पाहिजेत असं म्हणाले होते. उडत गेलेली मोजत नाहीत.

कायद्यावर बोट ठेवणारी बाई.

५ ऑक्टोबर, रविवार

आज घरात भांडण. कारण क्षुल्लक.

स्वयंपाकघराच्या मागे मयुराच्या कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कुंड्या आहेत. आज तिथे गेलो तर पानांवर चिमणीची शिट पडलेली. पुसायला गेलो तर शिट चालू लागली. अळ्या! लहान अळ्या शिटेसारख्या, मोठ्या हिरव्यागार. छेडल्यावर डोक्यातून लाल शिंगं काढतात. माझ्या बागेच्या नाकाखाली पाळलेला शत्रू.

चैत्याला आवाज दिला. त्यानं केस विंचरले. पंप भरून तयार. तेवढ्यात मयुरा कुंड्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. या पानांची फोडणी तुमच्याच आमटीत पडते, औषध मारलंत तर आमटी तुम्हालाच वाढीन, असं म्हणाली. मी म्हटलं फुलपाखरं हवीत की अळ्या, एक काय ते ठरव. मधेच निलम म्हणाली, बाबा, ती एकच गोष्ट आहे. या वयातल्या मुलींना सगळ्या गोष्टी एकच वाटतात.

शेवटी मयुरानं सगळ्या कुंड्या चैत्याच्या हातगाडीवर चढवल्या आणि दादाकडे नेऊन ठेवल्या. पंप भरलेला होता, तो वाया जाऊ नये म्हणून झिनियांवर मारला. मावा वगैरे असेल तर जाईल.

९ ऑक्टोबर

फोडणी जळली. मोहरी तडतडली की मयुरा कढीपत्त्यासाठी दादाकडे पळते. येईपर्यंत काळी.

१६ ऑक्टोबर

विचारांती आढळलेली कारणं: १. समुद्राचा वारा. २. बॉर्डर जवळ, बरीच फुलपाखरं गुजरातेत उतरत असावीत. ३. बोर्ड रस्त्याच्या बाजूला आहे, वरून वाचता येत नाही.

तिसऱ्यावर इलाज शक्य आहे. उद्या बोर्ड आडवा करायचा.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

बोर्ड आडवा केला. त्यावर पाणी साचलं. कावळे अंघोळ करतात.

२८ ऑक्टोबर

झोप लागत नाही. तुळशीचं लग्न रविवारी.

अवजारांच्या खोलीमागे रुई परत फुटली, चांगली गुडघाभर. मूळ राहिलं असणार. चैत्याला काढायला सांगितलं. तो म्हणाला, भात कापून येतो शेठ, मग काढतो. गावाला गेला. रुईसाठी माणूस थांबवून ठेवण्याइतका मी क्रूर नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न

मयुरा सकाळी अंघोळ करून बागेत आली. खुर्चीत बसली. मी बाजूला उभा. ऊन आलं. प्लॅस्टिकची फुलपाखरं फडफडू लागली. तिनं बराच वेळ बघितलं. मी तर प्रत्येक पान बघत होतो. वारा आला की पान हलायचं आणि वाटायचं, आलं.

काही आलं नाही. मयुरा उठली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, मी उधव्याला फोन करते.

मी चिकूच्या झाडामागे जाऊन उभा राहिलो. काय करणार. माझ्या मुलीचा साखरपुडा आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या अंगणात पाहुण्यांना पाणी देणार.

थोड्या वेळानं निलम आली. म्हणाली, बाबा, मी आईला फोन करू दिला नाही. फुलपाखरं आली नाही आली, माझा साखरपुडा माझ्याच घरी होणार. 

पोरीचा बागेवर पूर्ण विश्वास आहे. मला जरा सर्दी झाल्यासारखं झालं.

६ नोव्हेंबर

मांडववाला येऊन मापं घेऊन गेला. मयुरानं फर्मान काढलं की कार्य होईपर्यंत पंपाला हात लावायचा नाही, पाहुण्यांना औषधाचा वास येतो. पंप अवजारांच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगून ठेवला. चैत्या परत आलाय. त्याचा चेहरा पडला.

१५ नोव्हेंबर. संध्याकाळ

सगळं तयार. मांडव आमच्या अंगणात. आमच्या! खुर्च्या, पाट, फुलांच्या माळा. कुंपणाच्या फटीतून ट्रॅक्टर दिसत होता, तिथे मी स्वतः बोगनवेलीची कुंडी सरकवली.

फुलपाखरं उद्या येतील. त्यांना गर्दी आवडते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे दहाला आले. दोन जीप भरून. सुषमाताईंनी उतरल्या उतरल्या विचारलं की फुलपाखरं कुठे. मी हातानं बागेकडे दाखवलं. बायका ओळीनं बागेत गेल्या. एकीनं प्लॅस्टिकच्या फुलपाखराला बोट लावून बघितलं. ते निघून तिच्या हातात आलं. ती म्हणाली, आमच्या नातवाला असलंच आणलंय जत्रेतून.

मी सांगत होतो की सीझन जरा पुढे गेलाय, वाऱ्यामुळे, बॉर्डरमुळे. सुषमाताई मान डोलावत होत्या. फार सज्जन बाई. त्या मान डोलावत होत्या म्हणूनच मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, अगो इकडं ये, इकडं बघ!

कुंपणाला जिथे हातगाडी न्यायला आम्हीच वाट पाडली होती, तिथून एक बाई पलीकडे गेली. मग दुसरी. मग सगळ्याच. मग पुरुष. मग फोटोग्राफर. भटजी सोवळं सावरत. मांडवात मी, मयुरा, मिथुनचे वडील आणि रिकाम्या खुर्च्या. मग मिथुनचे वडील पण म्हणाले, जरा बघून येतो.

शेवटी मी गेलो.

काय लिहू. सडक्या चिकूंच्या ढिगावर फुलपाखरंच फुलपाखरं. वाळक्या पानांसारखी तपकिरी, मिटलेली, आणि उघडली की आतून रंग. चिकूचा रस पिऊन इतकी तर्र की माणसं जवळ गेली तरी उडत नाहीत. रुईवर केशरी, पंखांच्या टोकाला काळंपांढरं. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांभोवती ती मोठी, काळी-निळी. वास मात्र तोच, ज्याच्यामुळे मी ढीग हलवला होता. कोणी नाकाला पदर लावला नव्हता. एक निळं सुषमाताईंच्या अंबाड्यावर जाऊन बसलं आणि त्या लहान मुलीसारख्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, हलेनात.

भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. कोणी मांडवात यायला तयार नाही. निलम आणि मिथुन कुंड्यांपाशी उभे. निलमनं माझ्याकडे बघितलं. इथेच करू या का, असं डोळ्यांनी विचारत होती. मी ‘नको’ म्हणेन याची ती वाट बघत होती, की ‘हो’ म्हणेन याची, मला माहीत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मुकाट्यानं मांडवात परत गेलो, अंगठ्यांचं ताट उचललं आणि कुंपणापलीकडे नेलं. मीच नेलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

अंगठ्या घातल्या. टाळ्या. दोन-चार फुलपाखरं उडाली, परत बसली.

सुषमाताईंनी रतनदादाला विचारलं, ही बाग तुम्ही केली का हो? दादा धोतराला हात पुसत म्हणाला, छे, हे सगळं जत्याचं. ढीग त्यानं टाकला, रुई त्याची, कुंड्या मयुराच्या. मी नुसती जागा दिली. आणि सगळ्यांसमोर माझा खांदा थोपटला.

सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले. मी हात जोडले. नाही म्हणणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं. शिवाय दादा बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळं माझ्याच बागेतून गेलं होतं. मयुरानं माझ्याकडे बघितलं आणि ती हसू लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बऱ्याच दिवसांनी हसली.

संध्याकाळी फोटोग्राफरनं कॅमेऱ्यावर फोटो दाखवले. निलम सुंदर दिसते. मिथुन पण. मागे ट्रॅक्टर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ

मांडव गेला. कढीपत्त्याच्या कुंड्या दादाकडेच. मयुरा म्हणते तिथे त्या खूश आहेत.

चिकूला फवारणी करायची राहिली होती. चैत्यानं केस विंचरले आणि पंप काढायला गेला. गेला तो तसाच परत आला. म्हणाला, शेठ, पंपाला कायतरी लोंबलंय.

बघतो तर पंपाच्या पट्ट्याला एक कोष. शेंगदाण्याएवढा, वरती सोनेरी ठिपके, सोनाराकडून करून आणल्यासारखे. अळी मागच्या रुईवरून चालत आली असणार. ती रुई चैत्यानं शेवटी काढलीच नाही. जगातल्या सगळ्या जागा सोडून तिनं पंप निवडला. कोषाच्या आतून पंखांचा केशरी रंग दिसतोय.

चैत्यानं विचारलं, काढू का? मी इतका जोरात नको म्हणालो की तो दचकला. त्याला दादाचा पंप आणायला पाठवलं. मग म्हटलं, तो पण नको आणूस. आज फवारणी नाही.

खुर्ची घेऊन पंपासमोर बसलो. माझं फुलपाखरू. माझ्या अंगणातलं.

दुपार

बसलोय. हलणार नाही.

दुपारी उशिरा

मयुरानं जेवायला हाक मारली. साखरपुड्यातले मोहनथाळ उरले होते. एकच खाणार होतो. मग जरा आडवा झालो. जरासाच.

येऊन बघतो तर कोष रिकामा, पातळ पापुद्रा. आणि पट्ट्यावर ते. केशरी, पंख वाळवत, उघडमीट करत. मी मयुराला हाक मारली. ती हात पुसत आली, तिनं बघितलं. बसलेलं बघितलं. तिनं कबूल केलं की हे बसलेलं आहे.

मग ते उडालं. झिनियांवरून गेलं, थांबलं नाही. लँटानावर टेकलं, क्षणभर. चैत्या म्हणाला, घाणेरी आवडली तेला. मग प्लॅस्टिकवाल्यांना वळसा घालून सरळ कुंपणावरून दादाच्या वाडीत.

वाईट वाटलं. निलम पण पुढच्या वर्षी उधव्याला जाणार, ते एकदम आठवलं.

उद्या सकाळी सहाला उठून दादाकडे जायचं आणि रुईची एक फांदी मागायची. अळ्या असलेली. काय सांगून मागायची ते अजून सुचलेलं नाही. मारुतीसाठी हवी असं सांगता येईल, पण उद्या बुधवार.